एक आखूड शिट्टी

शाळेत सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की शिट्टीबाई, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. रागवायला जागाच नव्हती. सकाळी केसांना फणी लागायच्या आधी शिट्टी गळ्यात पडायची, ती झोपायच्या वेळीच निघायची. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस इतका मवाळ, की गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचता आली नाही तर हाच ओशाळायचा. कुणी भेटलं की ते सांगायचे, घरात माझा नंबर दुसरा, पहिला शिट्टीचा. बाई हसायच्या, पण हे खोटं आहे असं काही म्हणायच्या नाहीत.

बावीस वर्षं त्या एकाच शाळेत खेळ शिकवत होत्या. मैदान ऐसपैस होतं. एका टोकाला बास्केटबॉलचं कोर्ट आणि सामानाची खोली, दुसऱ्या टोकाला लांब उडीचा वाळूचा खड्डा, मध्ये नुसती मोकळी माती. एवढ्या पसाऱ्यात घसा किती ताणणार, म्हणून त्यांनी शिट्टीची भाषा ठरवून टाकली होती. लांब शिट्टी म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे माझ्याकडे या. आणि एकच आखूड, चिमटा काढल्यासारखी, ती फक्त पडलेल्यासाठी. ती वाजली की उठायचं. रडायचं असेल तर उठून रडायचं. चार पावलं धावायचं, मग बाई दुरून हात वर करून म्हणायच्या, "शाब्बास." त्यांच्याकडे शाब्बास स्वस्त नव्हती. गोल केला, शर्यत जिंकली, तरी त्या नुसती मान हलवायच्या. शाब्बास मिळायची ती पडून उठणाऱ्याला.

हे त्यांना कुठून सुचलं, तर त्यांच्याच घोट्यातून. एकोणीस वर्षांच्या असताना त्या निवड चाचणीत धावत होत्या. वळणावर डावा पाय वाकडा पडला आणि त्या कोसळल्या. त्यांच्या मास्तरांनी एक शिट्टी मारली. त्या उठल्या, तशाच धावल्या, दुसऱ्या आल्या आणि संघात घेतल्या गेल्या. त्या संध्याकाळी घोटा फुगून बुटातून निघेना, पण संघाच्या यादीत नाव होतं आणि त्यापुढे घोट्याची काय कथा. तो घोटा धड बरा असा कधी झालाच नाही. वर्षातून दोन-तीनदा तो दगा द्यायचा, तेही मैदानावर नाही, सपाट फरशीवर, काही कारण नसताना. बाई रोज सकाळी त्याला रुंद पट्टा आवळून बांधायच्या आणि एखाद्या दागिन्याबद्दल सांगावं तशा मुलांना त्याची गोष्ट सांगायच्या.

गेल्या चार वर्षांत त्यात टाचेची भर पडली होती. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकलं की टाचेखालून कळ निघायची, ती पार पोटरीपर्यंत. दहा-बारा पावलं भिंत धरून चाललं की कमी व्हायची आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा हजर. तळव्याचा पडदा सुजलाय, विश्रांती घ्या, मऊ तळाचे बूट वापरा, पोटरीचे ताण देणारे व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बुटांचं त्यांनी ऐकलं, व्यायामाचं अधूनमधून ऐकलं आणि विश्रांती हा शब्द कानामागे टाकला.

शाळेला बाईंचं भारी कौतुक होतं. एका स्नेहसंमेलनात एक जुना विद्यार्थी आला, आता कुठल्याशा कारखान्यात मोठा साहेब. त्याने माईकवर सांगितलं, की आयुष्यात एकदा सगळं हातातून गेलं होतं, पण कानात बाईंची आखूड शिट्टी वाजली आणि मी उठलो. टाळ्या थांबेनात. बाईंनी पदराने डोळे टिपले. आता खरं सांगायचं तर त्या शिट्टीने उठलेल्यांपैकी किती जण आज जिना उतरताना कठडा धरतात, हे कुणी मोजलं नव्हतं. संमेलनात भाषणं करायला धडधाकट पायांचेच लोक येतात.

बाईंना एकच मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून चिमणी म्हणाले, आणि मग ती बापाच्या डोक्याच्या वर गेली तरी चिमणीच राहिली. सोळा वर्षांची, त्याच शाळेत, आईच्याच संघात बास्केटबॉल खेळणारी. ती उंच उडी घेऊन फळीला लागून परत फिरणारा चेंडू पकडायची तेव्हा बाकीच्या मुली खालून बघत राहायच्या. मैदानावर ती आईला बाईच म्हणायची, आणि बाईंनीही तिला कधी सवलत दिली नाही. उलट दुसरीला एक फेरी तर हिला दोन. बापाला ते खटकायचं, पण तो मूग गिळून गप्प बसायचा.

आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते झालं. नऊ मिनिटं उरली होती आणि चिमणीचा संघ तीन गुणांनी मागे होता. तिने चेंडूसाठी उडी घेतली, उतरताना एका पायावर सगळा भार आला, पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. ती खाली बसली. नुसती बसली, ओरडली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून तिने आईकडे पाहिलं.

बाईंनी ते पाहणं पाहिलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. चेहऱ्यावर दुखणं कमी आणि आश्चर्यच जास्त होतं, आपल्याच अंगाने आपल्याला फसवावं तसं. पण तेव्हा बाईंच्या तोंडात शिट्टी होती, घड्याळात नऊ मिनिटं होती, आणि बावीस वर्षांत त्या जे करत आल्या तेच त्यांनी केलं. एक आखूड.

चिमणी उठली. चार पावलं धावली. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "शाब्बास." लेकीला त्यांनी सहा वर्षांत दिलेली ही तिसरी शाब्बास होती. चिमणी हसली आणि खेळायला लागली. ती पुढची सात मिनिटं खेळली, मध्ये दोनदा गुडघा लटपटला, आणि शेवटी चेंडू घेऊन वळताना पाय खालून निघूनच गेला. तेव्हा मात्र ती ओरडली. बाईंच्या तोंडातून शिट्टी आपोआप गळून पडली आणि दोरीला लोंबकळत राहिली.

हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा गुडघा होता, रबरी पट्ट्या लावलेला. त्यांनी एक पट्टी काढून दाखवली. हा लिगामेंट, म्हणाले, मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून असतो. तो तुटलाय. बहुतेक पहिल्यांदा पडली तेव्हाच. मग त्यांनी पट्टी नसलेला गुडघा हलवला, तो बिजागरी सैल झालेल्या दारासारखा डुलला. अशा गुडघ्यावर उड्या मारल्या, वळली, म्हणून हाडांमधली गादीही फाटली. म्हणजे तसं दिसतंय, खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. लिगामेंट नवा बसवता येतो, मुलं पुन्हा खेळतातही. गादीचं मात्र जेवढं शिवता येईल तेवढं शिवू, उरलेलं काढावं लागेल, आणि काढलेली गादी परत येत नाही.

हे सगळं त्यांनी बायोडेटा वाचावा तशा आवाजात सांगितलं. मग कागदावर लिहिता लिहिता, मान खालीच ठेवून विचारलं, "पहिल्यांदा पडल्यावर हिला उठवलं कुणी?"

खोलीत चौघं होती. बाप खिडकीकडे बघू लागला. बाईंनी तोंड उघडलं. मी, एवढा एकाक्षरी शब्द, पण तो तोंडाबाहेर पडेना. आणि त्या अवधीत चिमणी म्हणाली, "कुणी नाही. मीच उठले."

डॉक्टरांनी मान हलवली. खेळाडू पोरं अशीच असतात, म्हणाले, पुढच्या वेळी पडलं तर पडून राहायचं, कुणीतरी येऊन बघेपर्यंत. चिमणी हो म्हणाली.

टॅक्सीने तिघं घरी निघाली. घर आलं तेव्हा बापाने लेकीला आधार देऊन उतरवलं, आणि ती दोन पावलं पुढे गेल्यावर हळूच बायकोला म्हणाला, "मैदानावर तुला पोरगी दिसत नाही, खेळाडू दिसते." एकवीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने बोलून दाखवलेलं हे सगळ्यात कठोर वाक्य होतं, आणि बोलून झाल्यावर तोच ओशाळला.

लेकीच्या त्या खोट्याने बाईंचे हात बांधून टाकले. ती रागावली असती, रडली असती, तुझ्यामुळे झालं म्हणाली असती, तर बाईंना पाय धरता आले असते. पण तिने विषयच मिटवून टाकला होता. एकदा स्वयंपाकघरात बाईंनी सुरुवात केली, की त्या दिवशी मी शिट्टी मारायला नको होती. चिमणी म्हणाली, पाणी दे ना, गोळी घ्यायचीये. दुसऱ्यांदा सुरुवात करायची बाईंची हिंमत झाली नाही.

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. मग घरात नवीन दिनक्रम सुरू झाला. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि गुडघा खाली दाबून पाय सरळ करायचा, दहा वेळा. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा वेळा. मग बर्फ. फिजिओथेरपीच्या ताईंनी नेमून दिलेल्या या व्यायामात बाईंना एकच काम होतं, आकडे मोजायचं. हजार पोरांना घाम काढायला लावणारी बाई पलंगाच्या कडेला बसून एक, दोन, तीन म्हणायची आणि सोळा वर्षांची मुलगी पाय वीतभर उचलताना ओठ चावायची. जोर लाव म्हणता येत नव्हतं. घाई करायची नाही, असं ताईंनी बजावून ठेवलं होतं. दर रविवारी बाई मापाच्या फितीने दोन्ही मांड्या मोजायच्या. दुखरी मांडी दुसरीपेक्षा चार बोटं बारीक झाली होती. ज्या पायावर त्यांनी सहा वर्षं मेहनत घेतली तो त्यांच्या डोळ्यांदेखत सुकत होता, आणि करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. कधी त्या मोजता मोजता आकडा विसरायच्या. चिमणी म्हणायची, सात झाले गं.

घरात हात टेकले तरी शाळेत काही करता येईल असं बाईंना वाटलं. सामन्यानंतरच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या वर्गांना मैदानात बसवलं आणि नवीन नियम सांगितला. आजपासून आखूड शिट्टी बंद. कुणी पडलं की मी लांब शिट्टी मारीन. मग सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि पडलेल्याने पडूनच राहायचं. मी येईन, बघीन, मी सांगेपर्यंत हलायचं नाही.

पाचवीतल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. ही बाईंची जुनी भक्त, दिवसातून चार वेळा पडणारी आणि चारही वेळा उठून बाईंच्या तोंडाकडे बघणारी. तिने विचारलं, "बाई, लागलं नसेल तरी पडून राहायचं?"

तरी पडून राहायचं, बाई म्हणाल्या.

"मग शाब्बास कशाबद्दल मिळणार?"

मुलं हसली. बाईंनी गळ्यातली शिट्टीची दोरी सारखी केली. बघू, म्हणाल्या.

सराव सुरू झाला आणि मुलांना हा खेळ सगळ्यात आवडला. चालता चालता धपाधप पडायची, डोळे मिटून निपचित राहायची, बाई लांब शिट्टी मारून धावत यायच्या तोवर हसू दाबून लाल व्हायची. मुख्याध्यापकांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं की हे काय, युद्ध झालं की काय. पण बाई खनपटीलाच बसल्या होत्या. रोज खेळाच्या तासाला दोनदा सराव. दोन महिन्यांत एकही आखूड शिट्टी त्यांनी वाजवली नाही. अर्थात दोन महिन्यांत कुणी खरोखरीचं पडलंही नव्हतं. सरावात कोण पडणार हे त्यांनीच ठरवलेलं असायचं, त्यामुळे छाती आधीच भरून घेतलेली असायची, आणि लांब शिट्टीला छातीभर हवा लागते.

ऑपरेशनला पाच आठवडे झाल्यावर चिमणी शाळेत येऊ लागली. पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा ब्रेस, काखेत कुबड्या. खेळाच्या तासाला ती सामानाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची आणि कोर्टाकडे पाठ करायची. बाई तिच्याशेजारी बसून हजेरी भरायच्या.

त्या दिवशीही त्या तशाच बसल्या होत्या. पाचवीची मुलं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, वाळूच्या खड्ड्यापाशी पकडापकडी खेळत होती. दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांना चुकवत पळत होती. पळता पळता तिने एकदम दिशा बदलली, एक पाय खड्ड्याच्या काठावर पडला, दुसरा आत, आणि ती आडवी झाली. मग उठून बसली आणि दोन्ही हातांनी तिने गुडघा धरला.

बाईंनी ते बसणं ओळखलं. त्या ताडकन उठल्या आणि बसून उठल्यावरचं पहिलं पाऊल टाचेवर पडलं. कळ अशी गेली की डोळ्यापुढे अंधारी आली, त्या घाईत घोटाही वळला आणि त्यांना बाकाची पाठ धरावी लागली. मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐंशी-नव्वद पावलं होती. एरवी त्या ती पावलं बोलता बोलता तोडायच्या. आज त्यांना एकही पुढे टाकता येईना.

"उठू नको," त्या ओरडल्या. आवाज फाटला. मुलांचा गलका चालूच होता, तिकडे काही पोहोचलं नाही. मुलीने जमिनीवर एक हात टेकला होता. उठायला की नुसता आधाराला, कळत नव्हतं. लांब शिट्टी मारायची, सगळं थांबवायचं, हे त्यांना ठाऊक होतं, नियम त्यांचाच होता. त्यांनी शिट्टी तोंडात धरली. पण टाचेच्या कळेने श्वास तुटलेला होता, आणि समोर पोर पडलेलं होतं, आणि पोर पडलेलं दिसलं की त्यांचं तोंड काय करतं ते त्यांच्या हातात कधीच नव्हतं.

एक आखूड वाजली.

गलका थांबला. मुलांनी वळून पाहिलं. दोन वेण्यांच्या मुलीने मान वर केली, सगळ्या मैदानापलीकडून तिने बाईंना शोधलं आणि ती उठली. एक पाय टेकेना, तो तिने ओढला. बाई दोन्ही हात हलवून नको नको करत होत्या. पण बाईंनी हात वर केला म्हणजे काय, हे त्या शाळेतल्या कुठल्याही मुलाला सांगावं लागत नव्हतं. मुलगी धावायला लागली. चार पावलांवर थांबली नाही, दोन महिन्यांची राहिलेली शाब्बास घ्यायला ती तो पाय फरफटत मैदान ओलांडून यायला निघाली.

बाईंनी शिट्टी पुन्हा तोंडात घातली. लांब मारायला छातीत हवा उरली नव्हती, नुसती फुर्र झाली. आता त्यांना फक्त बघत उभं राहायचं होतं. वेण्या खालीवर होत होत्या. अर्ध्या वाटेवर पाय एकदा लटपटला, मुलगी तोल सावरून पुन्हा निघाली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मागे कुबडी दगडावर टेकल्याचा आवाज झाला. चिमणी बाकावरून उठून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती येणाऱ्या मुलीकडे बघत होती, आईकडे नाही.

"आई," ती म्हणाली. मैदानावर तिने आई म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. "तिला शाब्बास नको म्हणूस. मला तेव्हा दुखत होतं गं. तू शाब्बास म्हणालीस म्हणून मी खेळले."

मुलगी पोहोचली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, गुडघा आताच फुगायला लागला होता. ती दुखऱ्या पायाचं फक्त बोट जमिनीला टेकवून बाईंसमोर उभी राहिली आणि हसून त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.